पाच घरांची सहा झाली तर

मे सरत आला की गोव्यात पुरुमेंताची घाई सुरू होते. सुके बांगडे, सुकी सुंगटे, आमसुले, मिरच्या, उकडे तांदूळ असे सगळे पावसाआधी घरात भरायचे. १ जूनपासून ६१ दिवस यांत्रिक होड्या बंद असतात, मग ताजी मासळी दुर्मीळ होते आणि वेळेला फळीवरचा डबाच कामाला येतो.

संगणकाच्या जगात अशा हाताशी ठेवलेल्या साठ्याला कॅश म्हणतात. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा सर्व्हर पणजीपासून सुमारे १३,००० किलोमीटरवर आहे, म्हणजे जाऊन-येऊन किमान १३० मिलिसेकंद. संकेतस्थळाचे एक पान उघडायला अशा कितीतरी खेपा लागतात. त्याच पानाची प्रत मुंबईतल्या कॅशमध्ये असेल तर एक खेप ४ मिलिसेकंदांत होऊ शकते.

पण सगळा साठा एका यंत्रात मावत नाही. तो वाटावा लागतो, आणि खरी गंमत इथेच आहे.

समजा, वाड्यावरच्या पाच घरांनी मिळून पुरुमेंत भरले. घरांना ० ते ४ क्रमांक, डब्यांना ० ते २९. डब्याच्या क्रमांकाला ५ ने भागायचे, बाकी उरेल त्या घरात डबा. ७ क्रमांकाचा डबा २ नंबरच्या घरी. कुणाला काही विचारायला नको! मग सहावे घर आले. आता ६ ने भागायचे, तर ७ चा डबा १ नंबरच्या घरी हवा. स्वतः मांडून पाहा: ३० पैकी फक्त पहिले ५ डबे जागेवर राहतात, २५ हलतात. संगणकांत हे घडले की बहुतेक मागण्यांना जवळ काही सापडत नाही, आणि त्या सगळ्या एकदम मूळ सर्व्हरवर कोसळतात.

१९९७ मध्ये एमआयटीतल्या डेव्हिड कार्गर, टॉम लेटन, डॅनियल लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर जो तोडगा मांडला, तो मला आजही फार सुंदर वाटतो. घड्याळाची तबकडी घ्या. तिच्यावर घरेही बसवा, डबेही बसवा. प्रत्येक डबा काट्याच्या दिशेने जे पहिले घर लागेल त्याचा. ३ वर आणि ६ वर घर असताना मध्ये ४ वर नवे घर आले, तर ३ ते ४ मधले डबे तेवढे ६ च्या घरातून तिथे जातात. बाकी वाडा जिथल्या तिथे. पाचाची सहा घरे झाली, तर सरासरी एक षष्ठांशच माल हलतो. वाटणी समान व्हावी म्हणून प्रत्येक यंत्राला तबकडीवर अनेक जागा देतात.

लेटन आणि लेविन यांनी १९९८ मध्ये संकेतस्थळांच्या प्रती वाचकांजवळ ठेवणारी अकामाई कंपनी काढली. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात अपहृत विमानात लेविन मारले गेले, तेव्हा ते ३१ वर्षांचे होते. ॲमेझॉनने २००७ मध्ये जगासमोर मांडलेल्या डायनॅमो या साठवण-यंत्रणेचा पायाही हीच तबकडी.

एक दुखणे मात्र उरतेच. सुक्या मासळीसारखी प्रतीलाही मुदत असते. गेल्या पावसात एका संकेतस्थळावर बसची वेळ पाहून मी माशेलच्या थांब्यावर अर्धा तास भिजत उभा राहिलो. म्हापशाच्या मित्राला त्याच पानावर सकाळीच बदललेली वेळ दिसत होती. माझ्या वाट्याला आलेल्या प्रतीची मुदत अजून संपली नव्हती. मुदत तोकडी ठेवली तर मूळ सर्व्हरला दम लागतो, लांबवली तर माणसे भिजतात. म्हणून बदलत्या वेळापत्रकाला मिनिटा-दोन मिनिटांची मुदत पुरे. जत्रेतल्या पालखीचा फोटो मात्र वर्षभर ठेवला तरी चालतो.