प्रसूतिविषयक पूर्वेतिहास

गरोदर स्त्रीला यापूर्वी कितीदा दिवस गेले, त्या प्रत्येक खेपेचे पुढे काय झाले आणि आताची खेप कितवी, याची डॉक्टर किंवा परिचारिका जी नोंद करतात तिला प्रसूतिविषयक पूर्वेतिहास म्हणतात. पहिलटकरणीच्या बाबतीत ती एका ओळीत संपते. इतरांच्या बाबतीत मात्र पुढच्या उपचारांची दिशा बऱ्याचदा हीच नोंद ठरवते.

भारतातील केसपेपरवर या इतिहासाचा सारांश जी, पी, एल, ए या चार अक्षरांत लिहिला जातो. जी (ग्रॅव्हिडा) म्हणजे आताची खेप धरून एकूण गर्भधारणा. पी (पॅरा) म्हणजे गर्भ जगण्याइतका वाढल्यानंतर झालेली बाळंतपणे, मग बाळ जिवंत जन्मलेले असो वा मृत. एल म्हणजे आज हयात असलेली मुले. ए म्हणजे गर्भपात, आपोआप झालेला किंवा करवून घेतलेला. नळीत राहिलेला गर्भ आणि द्राक्षगर्भही (गर्भाऐवजी द्राक्षांच्या घोसासारखी वाढ) सहसा यातच धरतात. एक मूल असलेली, एकदा गर्भपात झालेली आणि आता पुन्हा गरोदर असलेली स्त्री जी३ पी१ एल१ ए१ ठरते. नवशिक्यांची चूक होते ती जुळ्यांच्या बाबतीत. पॅरा बाळंतपणे मोजतो, बाळे नव्हेत. म्हणून पहिल्या खेपेला जुळे झालेली आणि आता गरोदर असलेली स्त्री जी२ पी१ एल२ असते.

ही मांडणी सगळीकडे सारखी नाही. पॅरा कितव्या आठवड्यापासून मोजायचा याची भारतीय पाठ्यपुस्तकांतील रूढ मर्यादा २८ आठवडे आहे, ब्रिटनमध्ये २४, अमेरिकेत २०. ब्रिटनमध्ये 'पॅरा २+१' (दोन बाळंतपणे आणि त्या मर्यादेआधी संपलेली एक खेप) असे लिहितात, तर अमेरिकेत पूर्ण दिवसांची आणि ३७ आठवड्यांपूर्वीची बाळंतपणे वेगळी दाखवतात. परदेशातील कागद घेऊन आलेल्या स्त्रीची नोंद त्यामुळे नव्याने विचारूनच लिहावी.

चार आकडे सोयीचे असले तरी अपुरे आहेत. खरा मजकूर त्याखालच्या तक्त्यात असतो: साल, बाळंतपण कुठे झाले, किती महिने भरले होते, नॉर्मल की सिझर, बाळाचे वजन, ते लगेच रडले का, वार अडकली होती का, अंगावरून फार गेले का, रक्तदाब वाढला होता का, झटके आले का, रक्त चढवावे लागले का. यातील प्रत्येक उत्तरावरून पुढचे काही ठरते. आधी अतिरक्तस्राव झाला असेल तर तो पुन्हा होण्याचा धोका वाढतो, म्हणून रक्ताची सोय आधीच करून ठेवतात. सिझर झाले असेल तर कारण आणि गर्भाशयावरील छेदाची जागा, दोन्ही हवीत. खालच्या भागावर आडवा छेद असेल तर नॉर्मल बाळंतपणाचा विचार करता येतो. वरच्या भागावर उभा छेद असेल तर कळांमध्ये गर्भाशय फाटण्याचा धोका बराच अधिक असतो. पोटावरच्या व्रणावरून आतला छेद कळत नाही, म्हणून जुने डिस्चार्ज कार्ड मागवावेच लागते.

प्रश्न कसा विचारला यावर नोंदीचा खरेपणा ठरतो. "मुले किती?" असे विचारले की दगावलेले बाळ, तिसऱ्या महिन्यात साफ केलेली पिशवी, सगळे गळून पडते. "आतापर्यंत कितीदा दिवस गेले?" असे विचारावे आणि एकेका खेपेबद्दल क्रमाने बोलावे. मृत बाळाची चौकशी उरकून टाकू नये. बाळ पोटात गेले की जन्मल्यावर, हे समजणे पुढच्या बाळासाठी फार मोलाचे आहे.

शेवटच्या पाळीचा पहिला दिवस याच वेळी विचारतात. त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की प्रसूतीची अंदाजे तारीख येते: १० जानेवारीची पाळी असेल तर १७ ऑक्टोबर. जर्मन प्रसूतितज्ज्ञ नेगेले यांच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम २८ दिवसांचे पाळीचक्र गृहीत धरतो. तारीख आठवत नसेल तर नागपंचमीच्या आधी की नंतर, असे सणावरून विचारतात आणि पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफीशी पडताळतात.

सरकारी सेवेत यातील बराच भाग माता-बाल संरक्षण कार्डावर उतरतो. ते कार्ड घरी राहते आणि घरातील कोणीही ते वाचू शकते. सासू-नवऱ्याला ठाऊक नसलेला गर्भपात म्हणूनच स्त्रीला एकटीला बसवून विचारावा आणि तो कार्डावर लिहिण्याआधी तिची संमती घ्यावी. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, गर्भपात करवून घेतलेल्या स्त्रीचे नाव व तपशील कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज कोणालाही सांगण्यास डॉक्टरांना मनाई आहे.