तांबडी रक्तपेशी

तांबडी रक्तपेशी : फुफ्फुसांतला ऑक्सिजन शरीरभर पोहोचवणारी आणि ऊतींतला कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला मदत करणारी रक्तातील पेशी. प्रौढ माणसाच्या शरीरात अशा सुमारे 25 लाख कोटी पेशी असतात. वजनाने नव्हे, पण संख्येने मोजले तर शरीरातल्या बहुसंख्य पेशी याच. तरीही शाळेच्या पुस्तकातली पेशीची आकृती हिला लागू पडत नाही. पक्व तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसते, ऊर्जा देणाऱ्या तंतुकणिका नसतात आणि प्रथिने तयार करणारे रायबोसोमही नसतात. या पेशीचे काम, आयुष्य आणि आजार समजून घेताना या रिकामेपणाकडे पुन्हापुन्हा यावे लागते.

पेशीचा व्यास 7 ते 8 मायक्रोमीटर असतो. ती दोन्ही बाजूंनी मध्यभागी दबलेली असते, त्यामुळे कडेला जाडी 2 ते 2.5 मायक्रोमीटर, तर मध्यभागी जेमतेम 1 मायक्रोमीटर भरते. या आकारामुळे आतला कोणताही भाग पृष्ठभागापासून फार दूर राहत नाही आणि वायूंची देवाणघेवाण झटपट होते. पटलाच्या आतून स्पेक्ट्रिन या प्रथिनाची लवचीक जाळी असते. अनेक केशवाहिन्या पेशीच्या व्यासापेक्षा अरुंद असतात, प्लीहेतल्या म्हणजे पांथरीतल्या फटी तर त्याहूनही चिंचोळ्या. पेशी दुमडून त्यांतून निसटते आणि पलीकडे गेल्यावर पूर्ववत होते. आत टणक केंद्रक असते तर हे जड गेले असते. पक्षी, बेडूक, मासे यांच्या तांबड्या पेशींत मात्र केंद्रक असते आणि त्यांचे काही अडत नाही. केंद्रक टाकून देणे ही सस्तन प्राण्यांची रीत आहे.

प्रौढांत या पेशी छातीचे हाड, बरगड्या, मणके आणि कटीची हाडे यांतल्या लाल अस्थिमज्जेत तयार होतात. वेग सेकंदाला 20 लाखांहून अधिक. सुरुवातीची पेशी नेहमीसारखी, केंद्रक असलेली असते. साधारण आठवडाभरात ती अनेकदा विभागते, हिमोग्लोबिनने भरत जाते आणि शेवटी केंद्रक बाहेर ढकलून देते. ते केंद्रक शेजारची भक्षक पेशी गिळून टाकते. किती पेशी तयार करायच्या याचा निर्णय मज्जा घेत नाही, मूत्रपिंडे घेतात. रक्तातून मिळणारा ऑक्सिजन कमी पडला की ती एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक सोडतात आणि मज्जेतले उत्पादन वाढते. लेहसारख्या उंच ठिकाणी काही आठवडे राहिलेल्या माणसाचे हिमोग्लोबिन वाढते ते यामुळे. उलट मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांना पांडुरोग म्हणजे रक्तक्षय होतो, म्हणून डायलिसिसवरच्या अनेकांना हेच संप्रेरक इंजेक्शनने द्यावे लागते. पेशींना ऑक्सिजनची कमतरता कशी कळते, हे उलगडल्याबद्दल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना 2019 चे वैद्यकाचे नोबेल मिळाले.

एका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे 27 कोटी रेणू असतात. प्रत्येक रेणूत प्रथिनाच्या चार साखळ्या, प्रत्येक साखळीत एक हीम आणि त्याच्या मध्यभागी लोहाचा एक अणू. पहिला ऑक्सिजन चिकटला की रेणूची ठेवण बदलते आणि पुढचे सहज चिकटतात. ही रचना मॅक्स पेरुट्झ यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने शोधली. 1962 चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना जॉन केंड्र्यू यांच्यासह मिळाले. हिमोग्लोबिनची खरी कमाल ऑक्सिजन पकडण्यात नाही, योग्य जागी सोडण्यात आहे. कष्ट करणाऱ्या स्नायूत कार्बन डायऑक्साइड, आम्लता आणि उष्णता तिन्ही वाढलेली असतात आणि या तिन्हींमुळे हिमोग्लोबिनची पकड सैल होते. कार्बन मोनॉक्साइड ही सगळी व्यवस्था मोडतो. तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. खिडकी बंद असलेल्या न्हाणीघरातला गॅस गिझर जिवावर बेततो तो यामुळेच, आणि या वायूला वास नसल्याने माणसाला धोक्याची चाहूलही लागत नाही.

कार्बन डायऑक्साइडचा प्रवास वेगळा. त्याचा थोडाच भाग हिमोग्लोबिनला चिकटून जातो. सुमारे 70 टक्के भागाचे रूपांतर पेशीतले एक विकर (एन्झाइम) बायकार्बोनेटमध्ये करते आणि तो रक्तद्रवातून फुफ्फुसांपर्यंत पोहोचतो.

एवढा ऑक्सिजन वाहणारी ही पेशी त्यातला कणभरही स्वतःसाठी वापरत नाही. तंतुकणिकाच नसल्याने ऑक्सिजनविना ग्लुकोजचे विघटन करून एका रेणूमागे एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या संयुगाचे अवघे दोन रेणू तिच्या हाती लागतात. त्यावरच पटलातले सोडियम-पोटॅशियमचे पंप चालतात. ऑक्सिजनमुळे होणारी झीज रोखण्यासाठी तिला जी-6-पीडी या विकराचा आधार असतो. ज्यांच्यात ते जन्मतः अपुरे असते, त्यांच्या पेशी हिवतापावरच्या प्रायमाक्विनसारख्या औषधाने फुटू शकतात.

नवे प्रथिन तयार करता येत नाही, म्हणून दुरुस्तीही नाही. सुमारे 120 दिवसांत पेशी ताठर होते आणि प्लीहा व यकृतातल्या भक्षक पेशी तिला गिळतात. मधुमेहींच्या एचबीए1सी चाचणीचा पाया हाच. रक्तातली साखर हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटत राहते आणि पेशी जिवंत असेपर्यंत ते हिमोग्लोबिन बदलले जात नाही. त्यामुळे दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर एका नमुन्यात दिसते. आदल्या दिवशी गोड टाळून अहवाल सुधारत नाही. मात्र ज्याच्या पेशी लवकर मरतात त्याचा आकडा खोटा कमी येतो. अहवालावरचा आकडा वाचताना ही अट फार थोड्यांच्या लक्षात असते.

मेलेल्या पेशीतले लोह जपून ठेवले जाते. मज्जेला रोज 20 ते 25 मिलिग्रॅम लोह लागते, पण अन्नातून शोषले जाते 1 ते 2 मिलिग्रॅमच. बाकीचे जुन्या पेशींतून परत मिळते. हीमचा उरलेला भाग आधी हिरवट बिलिव्हर्डिन आणि मग पिवळे बिलिरुबिन होतो. मुका मार लागल्यावर त्वचेचे बदलणारे रंग, नवजात बाळाची कावीळ आणि मळाचा तपकिरी रंग ही याचीच रूपे. मासिक पाळी, गरोदरपण किंवा जंतांमुळे रक्त जात राहिले की हा हिशेब तुटीत येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019–21) देशातल्या 15 ते 49 वयोगटातल्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. जेवणावर लगेच घेतलेला चहा लोहाचे शोषण घटवतो, लिंबू ते वाढवते.

सिकलसेल आजारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे अमिनो आम्ल येते. बदल एवढाच, पण ऑक्सिजन सोडल्यावर असे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे बनतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. ती केशवाहिनीत अडकते, असह्य वेदना होतात आणि ती 10 ते 20 दिवसांतच नष्ट होते. महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार या जिल्ह्यांत, विशेषतः आदिवासी समाजांत, हा आजार बराच आढळतो. एकच सदोष जनुक असलेल्या वाहकाला सहसा त्रास होत नाही. उलट गंभीर हिवतापापासून त्याला काही संरक्षण मिळते, आणि जिथे हिवताप होता तिथेच हे जनुक टिकून राहिले. दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते, म्हणून लग्नाआधीच्या तपासणीवर आरोग्य कर्मचारी भर देतात. केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीम 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथे सुरू झाली.

अनोळखी माणसाचे रक्त चालते, मूत्रपिंड मात्र सहज चालत नाही. याचे एक कारण असे की अवयव प्रत्यारोपणात आडवे येणारे एचएलए प्रतिजन, म्हणजे पेशी आपली की परकी हे शरीराला सांगणाऱ्या पृष्ठभागावरच्या खुणा, तांबड्या पेशीवर जवळजवळ नसतात. जुळवावे लागतात ते मुख्यतः कार्ल लँडस्टायनर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी शोधलेले ए-बी-ओ गट आणि आरएच. ए आणि बी हे दोन्ही प्रतिजन ज्यापासून घडतात, तो एच प्रतिजनच काहींच्या पेशींवर नसतो. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे, एच. एम. भाटिया आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्यांनी 1952 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये या गटाचे वर्णन केले आणि तो बॉम्बे रक्तगट म्हणून जगभर ओळखला जाऊ लागला. भारतात तो सुमारे 10,000 जणांत एकाचा, युरोपात दहा लाखांत एकाचा असतो. नुसत्या पेशी तपासल्या तर हा गट ‘ओ’ वाटतो. रक्तद्रवही तपासला तर त्यातली प्रतिद्रव्ये, म्हणजे परक्या प्रतिजनांना पकडणारी प्रथिने, ओ पेशींनाही एकमेकींना चिकटवून त्यांचे गोळे करतात आणि खरा गट कळतो. अशा व्यक्तीला ओ रक्त देणे प्राणघातक ठरू शकते. बॉम्बे गटाचेच रक्त लागते, आणि शोध बहुधा सख्ख्या भावंडांपासून सुरू होतो. रक्तपेढीत तांबड्या पेशी 2 ते 6 अंश सेल्सियसला, द्रावणानुसार 35 ते 42 दिवसच टिकतात. दुर्मीळ गटाचे रक्त वर्षानुवर्षे राखायचे असेल तर त्यात ग्लिसरॉल मिसळून ते उणे 65 अंशांखाली गोठवावे लागते आणि देण्याआधी ग्लिसरॉल धुऊन काढावे लागते.