बालवयातील मल्लखांब

बालवयातील मल्लखांब म्हणजे साधारण पहिली-दुसरीच्या वयापासून व्यायामशाळेत शिक्षकाच्या देखरेखीखाली दिले जाणारे मल्लखांबाचे शिक्षण. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या नव्याने उभी केली. ती मुळात कुस्तीगिरांची पूरक कसरत होती. आज मात्र तिचे खरे धनी मुले-मुलीच आहेत. पुरलेला, टांगता आणि दोरीचा हे तिचे मुख्य प्रकार. मुंबईत दादरचे श्री समर्थ व्यायाम मंदिर हे तिचे मोठे केंद्र असून तेथील उदय देशपांडे यांना 2024 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

सुरुवात अढीने होते. मूल दोन्ही हातांनी खांब धरते, पाय वर फेकून मांड्यांचा विळखा घालते आणि डोके खाली करून लटकते. पहिल्या दिवसांत मांड्या लाल होतात, खांबाला चोळलेल्या एरंडेलाचा वास कपड्यांना चिकटतो. मग एके दिवशी हात सुटतात आणि उलटे दिसणारे मैदान ओळखीचे वाटू लागते. ही ओळख लहानपणी लवकर होते, कारण अंग हलके असते आणि पडण्याची धास्ती अजून मनात घर करून बसलेली नसते. पौगंडावस्थेपूर्वी व्यायामाने स्नायू फारसे फुगत नाहीत. मेंदू आणि स्नायू यांचा मेळ सुधारतो आणि ताकद वाढते ती मुख्यतः त्यातून. हाडांवर पडणाऱ्या भाराचा लाभही वाढीच्या याच वर्षांत चांगला होतो. अशा कसरतींनी उंची खुंटते ही पालकांची भीती जुनी आहे, पण तिला भक्कम आधार नाही.

शरीराइतकेच संघटित शिक्षणाचे मोल आहे. घरी एकटे खेळताना जे मिळत नाही ते येथे मिळते: आपली पाळी येईपर्यंत थांबणे, दुसऱ्याची उडी बघून शिकणे, मनोऱ्यात खालच्याच्या खांद्यावर विश्वासाने उभे राहणे. दसरंग ही अढीच्या पुढची कसरत येणारी ताई नवख्याची अढी सावरते, हे दृश्य कोणत्याही पदकाहून मोलाचे आहे. दृष्टिहीन मुलांनाही दोरीचा मल्लखांब शिकवला गेला आहे. स्पर्श आणि तोल यांवर उभी असलेली ही विद्या त्यांना परकी वाटत नाही.

लवकर सुरुवात म्हणजे लवकर जुंपणे नव्हे. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयोगटासाठी दिवसाला सरासरी 60 मिनिटे मध्यम ते जोमदार हालचाल सुचवते. ती एकाच खेळातून व्हावी असे मुळीच नाही. वाढत्या हाडांच्या टोकांशी कूर्चा, म्हणजे अजून हाड न बनलेला मऊ भाग, असते. एकाच सांध्यावर रोज तोच भार पडला तर तिला इजा होऊ शकते. म्हणून सातव्या वर्षी मल्लखांबाबरोबर लंगडी, पळापळी, पोहणे चालू राहिले पाहिजे, खांबाभोवती गाद्या हव्यात, आणि मूल ‘आज नको’ म्हणाले तर त्या दिवशी त्याला खांबावर चढवू नये.