सूक्ष्म कणप्रदूषण (शारीरिक परिणाम)

हवेत तरंगणाऱ्या, २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी व्यासाच्या घन व द्रव कणांमुळे होणारे प्रदूषण. या कणांना पीएम २.५ म्हणतात. ऊसहंगामात कोल्हापुरात गच्चीवर किंवा वाळत घातलेल्या धोतरावर पडणारी काजळी मात्र यात मोडत नाही. तिचे ठिपके नुसत्या डोळ्यांना दिसतात आणि श्वासावाटे आत गेलेच तर बहुतेक नाका-घशातच अडतात. फडातील पाचट, गुऱ्हाळाच्या चुलवाणातील चिपाड व वाहनांतील डिझेल जळताना निघणाऱ्या धुराचा न दिसणारा भाग फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत (हवेच्या सूक्ष्म पिशव्यांपर्यंत) पोहोचतो.

लंडनच्या डिसेंबर १९५२ मधील धुरक्याने हजारो बळी घेतले, पण त्या वेळी कणांच्या आकाराला महत्त्व दिले जात नव्हते. आकाराचा मुद्दा पुढे आला तो मुख्यतः अमेरिकेतील सहा शहरांच्या १९९३ मधील पाहणीने. तीत सर्वांत प्रदूषित शहरातील मृत्युदर सर्वांत स्वच्छ शहराहून सुमारे २६ टक्के अधिक आढळला.

श्वासातून आलेला कण हृदयाला अपाय कसा करतो, याविषयी तीन मते आहेत. पहिल्या मतानुसार वायुकोशांतील भक्षक पेशी कण गिळताना दाहकारक द्रव्ये सोडतात. ती रक्तात उतरून रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढवतात व धमन्यांतील मेदाचे थर अस्थिर करतात. दुसऱ्या मतानुसार फुप्फुसातील चेतातंतू उत्तेजित होऊन हृदयाची लय व रक्तदाब बदलतो. तिसरे मत असे, की ०.१ मायक्रोमीटरहून लहान कण स्वतःच रक्तात शिरतात. एडिंबरो येथे स्वयंसेवकांना सोन्याचे अतिसूक्ष्म कण हुंगवले असता ते रक्तात व लघवीत सापडले (२०१७). तरीही मोठ्या प्रमाणावरील अपायाचा उलगडा पहिल्या मताने अधिक होतो; तिन्ही क्रिया एकाच वेळी चालत असाव्यात. दमा बळावणे, पक्षाघात व फुप्फुसाचा कर्करोग हे परिणामही सर्वमान्य आहेत. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१३ मध्ये बाहेरील हवेतील कणप्रदूषणाला पहिल्या गटातील, म्हणजे माणसात कर्करोग करते असे सिद्ध झालेले, कर्करोगकारक ठरवले.

भारतातील वार्षिक मर्यादा (२००९) घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम, तर जागतिक आरोग्य संघटनेची (२०२१) ५ आहे. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या (२०१९) प्रदूषणमर्यादा ओलांडणाऱ्या शहरांच्या यादीत कोल्हापूर आहे. शहरांची ही निवड मुख्यतः १० मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांवरून झाली, त्यामुळे तीवरून सूक्ष्म कणांचा अंदाज बांधणे धोक्याचे. पंचगंगेच्या खोऱ्यात हिवाळ्यातील पहाटे थंड हवा जमिनीलगत साचते आणि धूर वर चढत नाही. ऊसहंगामही तेव्हाच ऐन भरात असतो. शिरोली व गोकुळ शिरगाव येथील ओतशाळांत साच्याच्या वाळूतून उडणाऱ्या सिलिकेच्या धुळीने होणारा सिलिकोसिस हा वेगळा, व्यवसायजन्य फुप्फुसरोग होय.