ढग कुठून आले? लँडस्केप फोटोंच्या एडिटिंगच्या वादाची पार्श्वभूमी

लँडस्केप फोटोवर ‘एडिटिंग फार केलंय’ असा शेरा दोन अगदी वेगळ्या तक्रारींसाठी मारला जातो. एक तक्रार डोळ्यांची: रंग भडक, सावल्या उजळून सपाट झालेल्या, डोंगराच्या कडेला पांढरी प्रभावळ. दुसरी तक्रार विश्वासाची: तिथे नसलेलं काही आणून बसवलंय, किंवा असलेलं पुसून टाकलंय. पहिली चूक झालेला फोटो वाईट असतो, पण खोटा असेलच असं नाही. दुसरी झालेला फोटो अतिशय देखणा असू शकतो. गेल्या वीस वर्षांतली बरीच भांडणं या दोन तक्रारींची गल्लत झाल्यामुळे लांबली, आणि ही गल्लत संगणकाच्या कितीतरी आधीची आहे.

1850 च्या दशकात काचेवर ओल्या कोलोडियनचा थर देऊन निगेटिव्ह बनवत. तो थर निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील आणि हिरव्या-लाल प्रकाशाला जवळजवळ आंधळा. जमीन नीट यावी इतका वेळ दिला की आकाश कोरं पांढरं येई. एका फ्रेंच छायाचित्रकाराने त्या दशकाच्या मध्यावर समुद्राची एक आणि आकाशाची एक अशा दोन निगेटिव्ह क्षितिजावर जोडून प्रिंट काढल्या आणि त्या खूप गाजल्या. एकच आकाश त्याने एकाहून अधिक समुद्रांवर वापरलं. पुढे ढगांच्या निगेटिव्ह साठवून ठेवणं ही रीतच पडली. तेव्हा आकाश बदलणं हा काही संगणकाचा शोध नाही. मात्र त्या काळची अडचण खरी होती: ढग डोळ्यांना दिसत होते, काचेवर उतरत नव्हते. सर्व रंगांना संवेदनशील फिल्म विसाव्या शतकात हाती आल्यावर ती अडचण संपली. सवय मात्र उरली.

याच्या उलट टोक म्हणून 1932 मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या ‘शुद्ध छायाचित्रण’वाल्या गटाकडे बोट दाखवलं जातं. चित्रकलेची नक्कल नको, मऊ धुरकट प्रिंट नको, भिंगातून जे येतं ते काठोकाठ स्पष्ट हवं, असा त्यांचा आग्रह. आज ‘आम्ही एडिट करत नाही’ म्हणणारे याच परंपरेचा दाखला देतात, आणि इथेच त्यांचं चुकतं. या गटातल्या सगळ्यांत नावाजलेल्या छायाचित्रकाराने 1927 मध्येच कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी दरीतल्या एका कड्याचा फोटो गडद लाल फिल्टर लावून घेतला होता. दिवसाढवळ्याचं निळं आकाश त्यात जवळजवळ काळं आहे. निगेटिव्ह म्हणजे संगीताची लिहिलेली रचना आणि प्रिंट म्हणजे तिचं सादरीकरण, ही त्याचीच मांडणी.

त्याचा न्यू मेक्सिकोतल्या एका खेड्यावर उगवलेल्या चंद्राचा फोटो या वादात मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. उजेड विझत चाललेला असताना घाईत घेतलेली ती एकच निगेटिव्ह. 1948 मध्ये तिचा खालचा भाग रसायनाने अधिक गडद, म्हणजे प्रिंटमध्ये अधिक उजळ, केला, जेणेकरून जमिनीवरचा तपशील उठून दिसावा. पुढची काही दशकं तो प्रिंट काढत राहिला आणि आकाश दर दशकाला अधिक काळं होत गेलं. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये दिसणारे वरचे फिकट ढग नंतरच्या प्रिंटमध्ये काळोखात बुडाले. आजच्या भाषेत हे जबर एडिटिंग आहे. तरीही, छायाचित्रकाराला स्वतःला नीट न आठवणारी तारीख खगोलशास्त्राच्या जाणकारांनी चंद्राच्या जागेवरून काढली. 1991 मध्ये दुरुस्त होऊन आलेलं उत्तर होतं 1 नोव्हेंबर 1941, दुपारी 4 वाजून 49 मिनिटे. उजेड-अंधार हवा तसा वाकवलेला, पण चंद्र, डोंगररांग आणि दफनभूमीतले क्रूस आपापल्या जागी इतके पक्के, की फोटोवरून घड्याळ लावता यावं. एडिटिंग किती केलं हे विचारण्याआधी कशाला हात लावला हे विचारायला हवं, हे मला या एका फोटोने शिकवलं.

हात कशाला लागला याचं दुसऱ्या बाजूचं उदाहरण 1982 चं. एका प्रसिद्ध अमेरिकी मासिकाने आडव्या फोटोतले गिझाचे पिरॅमिड उभ्या मुखपृष्ठावर मावावेत म्हणून संगणकावर एकमेकांजवळ सरकवले. छायाचित्रकार काही पावलं बाजूला उभा असता तर असंच दिसलं असतं, असं समर्थनही झालं. ते टिकलं नाही. पुढे मासिकाला चूक मान्य करावी लागली.

1990 मध्ये दोन गोष्टी बाजारात आल्या: फोटोशॉपची पहिली आवृत्ती आणि व्हेल्विया नावाची स्लाइड फिल्म. लँडस्केपवाल्यांच्या नजरेवर त्या काळी दुसरीचा परिणाम जास्त झाला. स्लाइड लॅबमधून धुऊन आली की तेच अंतिम चित्र, म्हणून ती ‘प्रामाणिक’ मानली जायची. पण व्हेल्वियावरचा हिरवा रंग आणि पहाटेची लाली प्रत्यक्षाहून कितीतरी गडद असे; फिल्मची ख्यातीच ती होती. स्लाइडला सावलीपासून उजेडापर्यंत जेमतेम पाच स्टॉप (प्रत्येक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) झेपत, त्यामुळे अर्धा गडद आणि अर्धा पारदर्शक असा फिल्टर भिंगापुढे सरकवून आकाश दाबावं लागे. हे सगळं कॅमेऱ्याच्या पुढे घडत होतं, म्हणून त्याला एडिटिंग म्हणत नसत. नंतर डिजिटल फाइल मळकट दिसू लागल्या आणि लोकांनी सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा गडदपणा, वाढवायला घेतलं. त्यातले पुष्कळ जण निसर्गाची नव्हे, त्या फिल्मची बरोबरी करत होते.

मग आला तो शब्द ज्याने सगळा गोंधळ केला: रॉ. सेन्सरची नोंद जशीच्या तशी ठेवणारी ही कच्ची फाइल म्हणजे अस्पर्शित सत्य, असा समज घट्ट रुजलाय. ‘मूळ फोटो दाखवा’ या मागणीमागेही तोच आहे. प्रत्यक्षात बहुतेक सेन्सरवर लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरांची जाळी असते आणि प्रत्येक पिक्सेल एकाच रंगाची नोंद करतो. उरलेले दोन रंग शेजारच्या पिक्सेलांवरून हिशेबाने भरले जातात. म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या रंगांच्या माहितीतली दोन-तृतीयांश माहिती मोजलेली नसून अंदाजलेली असते. शिवाय सेन्सर प्रकाश सरळ रेषेत मोजतो: प्रकाश दुप्पट, आकडा दुप्पट. डोळ्यांचं तसं नाही. ती नोंद तशीच्या तशी पडद्यावर टाकली तर चित्र काळपट दिसतं. कोणीतरी ती नोंद डोळ्यांजोगी उजळणारा वक्र लावावाच लागतो, कशाला पांढरं धरायचं तो व्हाइट बॅलन्स ठरवावाच लागतो. ते तुम्ही केलं नाही तर कॅमेरा करतो. कॅमेऱ्याच्या मेन्यूत ‘लँडस्केप’ नावाची स्टाइल निवडली की आतला प्रोसेसर निळा-हिरवा रंग वाढवतो, कडा धारदार करतो आणि जेपेग बाहेर देतो. तो फोटो ‘एडिट न केलेला’ आणि त्याच रॉवर संयमाने अर्धा तास काम करणारा मात्र ‘एडिट करणारा’, ही विभागणी मला कधीच पटलेली नाही.

आकडेही हेच सांगतात. 14 बिटच्या रॉमध्ये प्रत्येक रंगाच्या 16,384 पायऱ्या असतात, जेपेगमध्ये 256. चांगला आधुनिक सेन्सर कमी आयएसओला (संवेदनशीलता कमी ठेवली असता) साधारण 14 स्टॉपांचा पल्ला पकडतो आणि कागदावर त्याच्या निम्माही उतरत नाही. इतकं मोठं दृश्य इतक्या लहान भांड्यात बसवायचं, तर काय दाबायचं आणि काय उचलायचं हा निर्णय टळत नाही.

त्या निर्णयाचं यंत्र झालं तो काळ मी जवळून पाहिला. वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो एकत्र करून विस्तृत पल्ल्याचं एकच चित्र बनवण्याची रीत 1990 च्या दशकात संगणकशास्त्रात पक्की झाली. 2003 च्या सुमारास त्यासाठी सर्वसामान्यांना वापरता येईल असं सॉफ्टवेअर आलं, 2005 मध्ये फोटोशॉपमध्येही सोय झाली. मग काही वर्षं या रीतीचा, म्हणजे एचडीआरचा, पूर आला. ट्रायपॉडवर तीन, पाच, सात फोटो घ्यायचे आणि टोन मॅपिंगचा, म्हणजे तो पल्ला पडद्यावर मावेल इतका दाबण्याचा, स्लायडर उजवीकडे ओढायचा. पल्ला दाबणाऱ्या या गणिताचा एक प्रकार प्रत्येक पिक्सेलची तुलना फक्त त्याच्या आसपासच्या पिक्सेलांशी करतो. म्हणून प्रत्येक कोपरा वेगळा वेगळा ‘सुधारतो’ आणि संपूर्ण चित्रातली उजेडाची उतरंड मोडते. झाडाखालचा अंधार उजळतो, पांढरे ढग राखाडी होतात, काळ्या कड्याभोवती आकाश उजळून प्रभावळ उमटते. तळ्यातलं प्रतिबिंब वरच्या आकाशापेक्षा उजळ दिसू लागतं, जे स्थिर पाण्यात होत नाही. पाणी थोडा प्रकाश गिळतंच. बघणाऱ्याला हे नियम माहीत नसतात, पण डोळे आयुष्यभर उजेड बघत आलेले असतात आणि काहीतरी बिनसल्याचं त्यांना कळतं. माझ्याही जुन्या हार्ड डिस्कवर असे शेकडो फोटो पडून आहेत. त्यांत खोटं काहीच नाही, प्रत्येक दगड जागेवर आहे. फोटो तरी बिघडलेले आहेत.

2015 मध्ये आलेला, धूसरपणा काढणारा डीहेज स्लायडर त्याच वळणाचा. दूरचे डोंगर फिके आणि निळसर दिसतात ते मधल्या हवेमुळे, आणि अंतर आपल्याला जाणवतं ते त्या फिकेपणातूनच. स्लायडर थोडा वाढवला तर धूसरपणा निवळतो. फार वाढवला की शेवटची रांग पहिल्या रांगेला येऊन चिकटते.

पण वाद टोकाला नेला तो दुसऱ्या, विश्वासाच्या तक्रारीने. ब्रिटनमधल्या एका मोठ्या लँडस्केप स्पर्धेत 2012 चं 10,000 पौंडांचं बक्षीस लिंडिसफार्न बेटावरच्या एका कृष्णधवल फोटोला मिळालं. समोर होड्या, मागे किल्ला, वर दाटून आलेले ढग. निकालानंतर थोड्याच दिवसांत जाणकारांनी शंका काढली की ढगांवरचा उजेड आणि होड्यांवरचा उजेड एका दिशेचा वाटत नाही. ढग नंतर घातल्याचं आणि काही बारीक तपशील पुसल्याचं विजेत्याने मान्य केलं. नियम आपण नीट वाचले नव्हते, असं त्याचं म्हणणं. बक्षीस काढून घेतलं गेलं. फसवण्याचा हेतू नसावा, असं आयोजकांच्या बाजूनेही सांगण्यात आलं.

निर्णय मला योग्य वाटतो, पण नियमाचा मजकूर वाचला की गुंता दिसतो. एचडीआर आणि अनेक फ्रेम जोडणं सर्व विभागांत चालत होतं. मुख्य विभागांत मात्र विषयाचा सच्चेपणा राखायचा: कुंपण काढायचं नाही, झाड हलवायचं नाही, दुसऱ्या फोटोतलं आकाश लावायचं नाही. कचरा किंवा अँटेना पुसण्यासारखी किरकोळ साफसफाई चालेल. आता अँटेना आणि कुंपण यांत फरक काय? दोन्ही माणसाने उभारलेली, दोन्ही दृश्यात कायमची. अँटेना नको असते आणि कुंपण कदाचित हवंसं वाटतं, एवढाच. म्हणजे नियम सत्याच्या नावाने लिहिलेला, पण त्यात आवडनिवड शिरलेली. ‘क्लोनिंग (शेजारचा भाग वर चिकटवून पुसणं) चालेल का’ या प्रश्नाला त्याचं उत्तर ‘कशाचं, ते बघू’ असंच होतं, आणि बारकाईने न वाचणाऱ्याला हे समजणं अवघड. माझ्या मते आकाशाच्या बाबतीत मात्र पळवाट नव्हती. त्या क्षणाचा प्रकाश हाच लँडस्केपचा विषय असतो. उजेड दुसऱ्या दिवसाचा असेल तर किल्ला खरा असून उपयोग नाही.

बक्षीस काढून घेण्यावर टीका करणाऱ्यांचा सगळ्यांत वजनदार मुद्दा वेगळाच होता. बरोबर एक वर्ष आधी, नोव्हेंबर 2011 मध्ये, ऱ्हाइन नदीचा एक फोटो लिलावात 43 लाख डॉलरच्या वर विकला गेला होता. हिरवा काठ, राखाडी नदी, हिरवा काठ, राखाडी आकाश. बाकी काही नाही. काही नाही, कारण 1999 मध्ये तो करताना काठावरची माणसं आणि पलीकडची इमारत संगणकावर पुसली होती. एकाला विक्रमी किंमत आणि दुसऱ्याचं बक्षीस परत, हा अन्याय नाही का? मला नाही वाटत. ऱ्हाइनवाल्याने पुसल्याचं लपवलं नव्हतं आणि त्याचा फोटो एखाद्या विशिष्ट सकाळची साक्ष म्हणून मांडलेला नव्हता. लिंडिसफार्नचा फोटो ज्या विभागात होता तिथे ती साक्षच मागितली होती. तरी हेही खरं, की भिंतीवर टांगलेले दोन फोटो बघून हा फरक कुणालाच सांगता येणार नाही. तो फोटोत नाही, सोबतच्या शब्दांत आहे.

नंतरच्या घडामोडी वेगाने आल्या. 2019 पासून आकाश बदलणं एका क्लिकवर आलं आणि 2020 मध्ये ते फोटोशॉपमध्येच मिळू लागलं: तयार आकाशांचा साठा, शिवाय जमिनीचा रंग नव्या आकाशाला जुळवून घेण्याची सोय. 1850 च्या दशकातल्या निगेटिव्हच्या साठ्याचंच हे रूप, फरक इतकाच की आता ढग कॅमेऱ्यात न येण्याची अडचण नाही. चंद्र मोठा करून चिकटवणंही असंच. रुंद दृश्य टिपणाऱ्या 24 मिमी भिंगाने सेन्सरवर पडणारा चंद्र जेमतेम 0.2 मिमीचा असतो, त्यामुळे रुंद दृश्यावर टपोरा चंद्र दिसला की हिशेब चटकन कळतो. 2023 पासून तर शब्द लिहून दगड, धुकं, धबधबा मागवता येतो आणि त्यातला उजेडही बराचसा जुळलेला असतो. लिंडिसफार्नच्या ढगांना पकडून देणारी खूण पुढे मिळेलच याची खात्री नाही.

म्हणून अनेक स्पर्धा आता अंतिम फेरीत रॉ फाइल मागतात, आणि फोटो घेतल्या क्षणीच फाइलमध्ये डिजिटल सही करणारे कॅमेरे 2023 पासून मिळू लागले आहेत; पुढचे बदल साथ देणारं सॉफ्टवेअर त्याच नोंदीत भरत जातं. जबर पण जागेवरच्या एडिटिंगला यातून संरक्षण मिळेल, म्हणून मला ही वाट आवडते. फक्त फोनच्या बाबतीत ती अडखळते. शटर दाबण्याच्या आधीपासून फोन फ्रेम साठवत असतो, त्यांतल्या कित्येक एकत्र करतो, आकाश ओळखून त्यावर वेगळी प्रक्रिया करतो. काही फोन 2020 पासून देत असलेली रॉसारखी फाइलसुद्धा अशी जोडूनच तयार झालेली असते. परीक्षकांनी मूळ फाइल मागितली, तर अशा फोनच्या स्वतःच्या कॅमेरा अ‍ॅपकडे पाठवण्याजोगी सगळ्यांत मूळ फाइल बहुधा तीच असते.