जुना ऑर्गन बघायला जाताना हे पत्रक खिशात ठेवा

कॉयरमध्ये नव्याने ऑर्गन शिकणारी मंडळी आमच्याकडे येतात तेव्हा बहुतेक वेळा व्यवहार झालेला असतो. टेम्पो दारात उभा, आणि प्रश्न एकच: "हा चालेल ना?" म्हणून हे पत्रक. ऑर्गन आमच्याकडूनच घ्या असं मुळीच नाही.

आधी खाली बघा

नवशिक्याची नजर वरच्या बटणांवर जाते, पण चर्चचा ऑर्गन पायांनी शिकायचा असतो. पूर्ण पेडलबोर्डाला, म्हणजे पायांनी वाजवायच्या कीबोर्डाला, ३० किंवा ३२ पट्ट्या असतात. टाच आणि चवडा वापरून दोन्ही पायांनी वाजवायला तेवढ्या हव्यातच. घरगुती 'स्पिनेट' ऑर्गनला बहुधा १३ आखूड पेडल असतात, तीही डाव्या पायापुरती. वरचे दोन कीबोर्डही साधारण ४४ पट्ट्यांचे, ६१ नाहीत, शिवाय एकमेकांपासून सरकवलेले. मिस्साचं गीत दोन्ही हातांनी एकाच कीबोर्डवर घेतलंत की पट्ट्या संपतात. स्वस्त मिळतो म्हणून मोह होतो, पण वर्षभरात तोच विकायला घेऊन येणारे आम्ही पाहिलेत.

अमेरिकेतल्या नातेवाइकाने जुना हॅमंड देऊ केला तर जरा थांबा. १९३५ पासून १९७० च्या दशकापर्यंतच्या या ऑर्गनमध्ये दातेरी चकत्या मोटरवर फिरून सूर काढतात, आणि मोटरचा वेग विजेच्या हर्ट्झवर ठरतो. तिकडे ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. ट्रान्सफॉर्मरने २३० व्होल्टचे १२० होतात. हर्ट्झ मात्र तेच राहतात. मग पांढरी एक दाबली की खालच्या पांढरी सहापेक्षाही किंचित उतरलेला सूर येतो. कॉयरने गायचं कशात?

वाजवून बघताना

एकच ८ फुटी स्टॉप, म्हणजे आवाज निवडायचं बटण, उघडा. (८ फुटी म्हणजे पट्टीचा मूळ सूर, १६ फुटी एक सप्तक खाली, ४ फुटी एक सप्तक वर. हे आकडे पाइपच्या लांबीवरून आलेत.) आता डावीकडून उजवीकडे एकेक पट्टी सावकाश दाबत जा, मग पेडल. एखादीच पट्टी गप्प असेल तर बहुधा कॉन्टॅक्टवर धूळ किंवा गंज असतो, तो साफ होतो. जुन्या ॲनालॉग ऑर्गनमध्ये सगळ्या सप्तकांतला एफ शार्प एकदम गप्प असेल, तर तो सूर जिथे तयार होतो ते सर्किटच गेलेलं असतं. त्याचे सुटे भाग मिळतीलच असं नाही.

मालक "वाजतोय की!" म्हणत पाच मिनिटांत बंद करायला बघेल. तुम्ही तासभर चालू ठेवायला सांगा. खरखर आणि सूर सरकणं ऑर्गन तापल्यावरच कळतं.

मागची फळीही उघडून घ्या. मागच्या पावसाळ्यात वसईतल्याच एका ऑर्गनमध्ये उंदराने घर केलेलं निघालं: कुरतडलेलं फेल्ट, वायरींचं लाल-निळं प्लास्टिक आणि गीतपुस्तकाची पानं. एका तुकड्यावरचं 'आलेलुया' अजून वाचता येत होतं. बोर्डावर हिरवट-पांढरा बुरा दिसला तर आतली बॅटरी गळलीय असं समजा आणि भाव पाडून मागा.

पाच छिद्रांचं गोल मिडी सॉकेट (कोणती पट्टी दाबली ते कॉम्प्युटरला कळवणारं) असेल तर आवाज जुनाट वाटला तरी ऑर्गन विचारात घ्यावा, असं आमचं मत. त्यातून लॅपटॉप जोडला की ग्रँडऑर्ग हे मोफत सॉफ्टवेअर ऑर्गनचा आवाज काढतं. ऑर्गनचा स्वतःचा आवाज गेला तरी पट्ट्या आणि पेडल कामाला येतात. पेडलही मिडीतून जातात का, एवढं तपासा. सोसायटीत राहत असाल तर हेडफोनची जागाही बघा.

बाक सोबतच मागून घ्या. घरातल्या खुर्चीवरून पेडल नीट गाठता येत नाहीत, आणि सुटा बाक नंतर शोधत बसावं लागतं. टेम्पो ठरवण्याआधी जिन्याचं वळण मोजा. पेडलबोर्ड बहुधा सुटा होतो, तरी चार माणसं लागतात.

मॉडेल, व्होल्ट आणि हर्ट्झ लिहिलेली पाटी मागच्या बाजूला असते. पैसे देण्याआधी तिचा फोटो आम्हाला पाठवा. बघून सांगायचे आम्ही पैसे घेत नाही.