चंचल मुलाला कसली आलीय चिंता?

'दिवसभर उड्या मारणाऱ्या पोराला कसली आलीय चिंता!' एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार, असलेल्या मुलांबद्दल हे वाक्य इतकी वर्षं फिरतंय की पालकांनाही ते पटलेलं असतं. ते चूक आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातल्या 'एमटीए' या उपचारांची तुलना करणाऱ्या अभ्यासात एडीएचडीची ५७९ मुलं होती; त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश मुलांना चिंताविकारही होता.

घोळ होतो, कारण बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. गणिताचा पेपर समोर आला की मूल तिसऱ्यांदा पेन्सिलीला टोक करतं, कागद फाटेपर्यंत खोडतं, मग 'बाथरूमला जाऊ?' आपण म्हणतो, लक्षच नाही. लक्ष असतं हो, पण सगळं 'चुकलं तर?' यावर. आणि रोज 'वेंधळा' हे ऐकणाऱ्या मुलाला चुकण्याची धास्ती वाटणारच.

'घाबरू नकोस' म्हणून काही होत नाही. 'पोटात गोळा आलाय का?' असं विचारलं तर निदान बोलणं सुरू होतं. पेपर काढून घेऊ नका. टाळल्याने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण भीती बळावते. बाकीची गणितं झाकून ठेवा, आधी फक्त दोन सोडवू द्या. सूचना एका वेळी एकच.

'चिंता असेल तर एडीएचडीचं औषध चालतच नाही' हेही सरसकट खरं नाही. काही मुलांची धास्ती औषधाने वाढते, काहींची कमी होते, म्हणून डॉक्टरांना दोन्ही त्रास सांगायचे. एमटीएमध्ये चिंता असलेल्या मुलांना वर्तनोपचारांचाही चांगला उपयोग झाला होता.